जुन्या लॅपटॉपला वाय-फाय कसं जोडायचं

खरेदीला निघण्याआधी लॅपटॉपमध्ये वाय-फाय आधीपासूनच आहे का, ते पाहा. बऱ्याच जुन्या मॉडेलांना बाजूला किंवा पुढच्या कडेला वाय-फाय चालू-बंद करणारा छोटा सरकता स्विच असतो, काहींना एफएन बरोबर दाबायची की असते, आणि बायोसमध्येही (लॅपटॉप सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्येही) वायरलेस बंद करता येतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) पिवळ्या खुणेचं ‘नेटवर्क कंट्रोलर’ दिसत असेल, तर कार्ड आत आहे, फक्त ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) नाही.

कार्ड नसेलच, तर तीन गोष्टी टिपून घ्या: ऑपरेटिंग सिस्टिम कोणती आणि ३२ बिट की ६४ बिट, यूएसबी पोर्ट कोणत्या पिढीचा, आणि राउटरची सुरक्षा (पासवर्डमागची पद्धत) डब्ल्यूपीए२ आहे की नवी डब्ल्यूपीए३. विंडोज एक्सपीला डब्ल्यूपीए२ साठी सर्व्हिस पॅक ३ (मायक्रोसॉफ्टचा एकत्रित अपडेट) असलेला बरा. विंडोजमध्ये डब्ल्यूपीए३ आलं ते विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून. त्याहून जुन्या सिस्टिमसाठी राउटर डब्ल्यूपीए२ किंवा (दोन्ही चालणाऱ्या) मिश्र मोडवर ठेवावा लागतो.

बहुतेकांचं काम यूएसबी अॅडॅप्टरवर भागतं. इथे खोक्यावरच्या वेगाला भुलू नका. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात हाती ३०० च्या आसपासच लागतात. त्यामुळे अशा पोर्टसाठी १३०० मेगाबिटचा महाग अॅडॅप्टर घेण्यात अर्थ नाही. मात्र आजूबाजूला नेटवर्कांची गर्दी असेल, तर ५ गिगाहर्ट्झही पकडणारा ड्युअल बँड घ्या, फरक जाणवतो.

खरा प्रश्न आतल्या चिपचा. एकाच मॉडेलच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत वेगवेगळ्या चिप निघू शकतात, म्हणून आवृत्ती क्रमांकासकट चौकशी करा आणि तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर मिळतो का ते घेण्याआधीच पाहा. लिनक्सवर अॅथेरॉसची एआर९२७१ (फक्त २.४ गिगाहर्ट्झ) किंवा मीडियाटेकची एमटी७६१२यू बिनघोर चालते, दुसरीचा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९ पासून आतच आहे. ज्या चिपचा ड्रायव्हर बाहेरून कंपाइल करावा लागतो, ती टाळलेली बरी. कर्नल अपडेट झाला की नेट गेलंच.

ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, हा पेच अँड्रॉइड फोनने सुटतो. फोन केबलने जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) सुरू करा. विंडोज ७ आणि पुढच्या सिस्टिम फोनला सहसा आपोआप नेटवर्क कार्ड म्हणून ओळखतात. फोन स्वतः वाय-फायवर असला, तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात. अॅडॅप्टर लावल्यावर सीडी ड्राइव्ह दिसली, तर दचकू नका. ड्रायव्हर त्यातच असतो. तो इन्स्टॉल झाला की ती ड्राइव्ह जाते आणि वाय-फाय दिसू लागतं.

आतलं कार्ड बदलायचं तर हात थोडा हलका हवा. चार्जर आणि बॅटरी काढा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, मग तळाचं झाकण उघडा. स्लॉट मिनी पीसीआय, मिनी पीसीआय एक्सप्रेस की एम.२, ते नीट ओळखा. मिनी पीसीआय एक्सप्रेसची पूर्ण कार्डं ३० बाय ५१ मिलिमीटरची, अर्धी ३० बाय २७ च्या जवळपास. अर्धं कार्ड पूर्ण जागेत बसवायला पट्टी लागते. एमसॅटा (एसएसडी डिस्कचा) स्लॉट दिसायला अगदी तसाच असतो, त्यात फसू नका. अँटेनाच्या वायरींचे कनेक्टर सरळ वर उचला, वायर धरून ओढू नका. नवं कार्ड तिरकं आत सरकवून खाली दाबा, स्क्रू लावा, मग वायरी जुन्या कार्डावर होत्या तशाच मेन (मुख्य) आणि ऑक्स (दुय्यम) टोकांवर टिचकन बसेपर्यंत दाबा. एम.२ कार्डांचे कनेक्टर आणखी बारीक असतात, जुन्या वायरी त्यांवर बसत नाहीत.

एक अडथळा आधीच माहीत असावा: लेनोवो आणि एचपीच्या अनेक जुन्या लॅपटॉपांचं बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतं. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की सुरू होतानाच १८०२ किंवा १०४ असा एरर येतो. अशा वेळी कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलं कार्ड शोधा, नाहीतर मुकाट्याने यूएसबीकडे वळा.

सिस्टिम इतकी जुनी असेल की ड्रायव्हरच मिळत नाही, तर क्लायंट मोड (दुसऱ्या राउटरचं वाय-फाय पकडण्याची सोय) असलेला छोटा राउटर घेऊन लॅन केबलने जोडा. वाय-फायचं सगळं काम तो करतो, लॅपटॉपला साधं लॅनच दिसतं.

जोडणी झाली तरी त्रास उरू शकतो. नेट थोड्या वेळाने तुटत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अॅडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढा. यूएसबी ३.० पोर्टवर हार्ड डिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झ मंदावत असेल, तर अॅडॅप्टर एक्स्टेंशन केबलने लांब न्या. तो पोर्ट त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. आणि वाय-फाय पूर्ण दिसूनही प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटचा एरर येत असेल, तर आधी घड्याळ पाहा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला, तो बहुधा सीआर२०३२ असतो, काही लॅपटॉपांत वायर जोडलेला.