वऱ्हाडात पहिली जुनी गाडी घेताना

2024 च्या शिक्षकभरतीनंतर आमच्या तालुक्यात बरीच नवी मंडळी आली. कोणी कोल्हापूरकडची, कोणी नगरची, कोणी कोकणातली. बँकेत, आरोग्य केंद्रात, तलाठी म्हणून येणारेही आहेत. सुरुवातीचे महिने एसटी आणि काळीपिवळीवर निघतात. मग एप्रिल लागतो, दुपारी फाट्यावर तासभर उभं राहावं लागतं, आणि संध्याकाळी मला फोन येतो, "सर, एखादी जुनी गाडी बघून द्या ना." मी स्वतः 2008 साली सांगली जिल्ह्यातून दर्यापूर तालुक्यात आलो. तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

गाडी बघण्याआधी ती कुठल्या गावात फिरली ते बघा. आपल्याकडे, म्हणजे सांगली-साताऱ्याकडे, जुनी गाडी घेताना आपण किलोमीटर, मॉडेल आणि रंग बघतो. इथे त्याच्याही आधी पाणी बघावं लागतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. इथलं जमिनीखालचं पाणी खारट आहे, विहिरीचं-बोअरचं पाणी पिण्याच्या कामाचं नाही. गाडी तापली की माणूस जवळ असेल ते पाणी रेडिएटरमध्ये ओततो, आणि जवळ असतं ते हेच पाणी.

माझी पहिली गाडी मी दिवाळीनंतर घेतली. थंडीत ती उत्तम चालली. मे महिन्यात अकोटच्या रस्त्यावर तापमानाचा काटा वर चढला, आणि मला काट्याचं काही कळत नसल्यामुळे मी तशीच दामटली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग, गेलं. मिस्त्रीने रेडिएटर उघडून दाखवला तेव्हा आतल्या नळ्यांवर तांबूस-पांढरा थर होता, जुन्या माठाच्या बुडाशी बसतो तसा. तो म्हणाला, "सर, गाडी त चांगली हाये, पन तिच्यात पानी कोन्तं टाकत होते थे इचाराचं होतं पह्यले." ते वाक्य मी विसरलो नाही.

म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बघा. गरम असताना अजिबात उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. आत हिरवं, गुलाबी, निळं असं स्वच्छ रंगाचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) दिसलं पाहिजे. गढूळ तांबडं पाणी दिसलं किंवा तोंडाशी पांढरा थर हाताला लागला, तर त्या गाडीत बोअरचं पाणी गेलेलं आहे असं समजा. मग इंजिन ऑइलचं झाकण काढून आतली बाजू बघा. तिथे दुधाळ कॉफीसारखा चिकटा असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी मी तरी सोडून देतो, किंमत कितीही उतरवली तरी.

गाडी दोनदा बघा. एकदा सकाळी, विकणाऱ्याने चालू करायच्या आधी. पोहोचल्याबरोबर बोनेटवर हात ठेवा, कोमट लागलं तर त्याने आधीच चालू करून ठेवली होती. थंड इंजिन चालू करताना धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट जळतंय. दुसरी फेरी भर दुपारी. एसी पूर्ण लावून गाडी जागेवर वीस मिनिटं चालू ठेवा आणि काट्याकडे बघत बसा. रेडिएटरचा पंखा मध्येच सुरू होतो का, काटा मधोमध राहतो का, आणि एसीची हवा शेवटपर्यंत गार लागते का. इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यामुळे एसी ही चैन नाही.

आणखी एक गोष्ट मिस्त्रीला मुद्दाम विचारा: "पंखा डायरेक्ट केलाय का? थर्मोस्टॅट आहे का काढला?" तापणाऱ्या गाडीवर इकडे सर्रास हा तात्पुरता उपाय करतात. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट कधी फिरू द्यायचं ते ठरवणारी झडप, काढून टाकायचा आणि पंखा सतत फिरता ठेवायचा. काटा खाली राहतो, पण मूळ दुखणं तसंच असतं.

पाण्यानंतर माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर केलेला डांबरी रस्ताही दोन-चार वर्षांत लाटांसारखा होतो. त्या लाटांवर रोज शाळेला जाणाऱ्या गाडीचे शॉकअप, बुश आणि बॉल जॉइंट लवकर जातात. गावाबाहेरच्या खराब रस्त्यावर गाडी हळू चालवून बघा, काचा वर, गाणी आणि एसी बंद. समोरून टकटक आवाज आला तर सस्पेन्शनचं काम आहे. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे नेताना कटकट आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेलाय. यातलं बरंच दुरुस्त होतं आणि गाडी नाकारण्याचं कारण नाही, पण तो खर्च किमतीतून वजा करून मागा. नंतर रॅम्पवर चढवून खालून बघा. चाकांच्या वरच्या खोबणीत वाळलेला चिखल वर्षानुवर्षं तसाच असेल तर त्याच्या मागे पत्रा गंजलेला असतो.

विदर्भात पूरही येतात. 2020 च्या ऑगस्टमध्ये वैनगंगेला, 2023 च्या जुलैत यवतमाळ जिल्ह्यात. त्या भागातली गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्ट्यावर मातीची रेघ दिसली किंवा सीटच्या रुळांत गाळ सापडला, तर पुढे काही बघायची गरज नाही.

रात्रीच्या रस्त्याबद्दलही सांगायला हवं. इथे रोही (आपण नीलगाय म्हणतो) आणि रानडुक्कर रस्त्यावर येतात आणि गाडीला धडकतात. त्यामुळे 'अपघात नाही' म्हणणाऱ्याच्या गाडीचंही तोंड नीट तपासा. बोनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे, दोन हेडलाइटपैकी एकच नवा, बोनेट आणि फेंडरमधली फट एका बाजूला जास्त, ही खूण आहे. रोहीची धडक लहान नसते, जनावर दोनशे किलोच्या आसपास असतं. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी फार जुने टायर या उन्हात तडकतात, आणि त्यांच्यावर समृद्धी महामार्गावर जाणं जिवाशी खेळ आहे. सीएनजी घेणार असाल तर किट आरसीवर नोंदलेलं आहे का आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का ते बघा, शिवाय तुमच्या रस्त्यावर पंप आहे का ते आधी शोधा. गावात गाडी उंदरांपासून सुटत नाही, म्हणून बोनेटखालच्या वायरींवर चिकटपट्टीचे ताजे वेढे दिसतात का तेही पाहून घ्या.

मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका. आकडा कमी आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, हे जुळत नाही. मागची सीट दबलेली आणि मागचा भाग बसलेला असेल तर गाडीने प्रवासी किंवा खताची पोती वाहिली आहेत. यावर गावासारखा दुसरा पुरावा नाही. गाडी ज्या गावची आहे तिथे जा, पंक्चरवाल्याकडे हवा भरा, पानठेल्यावर चहा घ्या आणि विचारा, "ही गाडी कोणाची जी?" कोणी चालवली, कुठे आपटली, कोणत्या मिस्त्रीकडे जाते, हे सगळं दहा मिनिटांत समजतं. आपण परक्या जिल्ह्यातून आलो म्हणून विचारायला बुजतो. बुजू नका, इथली माणसं मोकळी आहेत आणि नव्या माणसाला आवर्जून सांगतात.

आता कागद. नवे लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात. खेड्यात पुष्कळ गाड्या शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर हातोहात फिरतात. आरसीवर नाव पहिल्याचं, विकणारा तिसरा. अशी गाडी घेऊ नका, निदान आरसीवरचा मालक समोर येऊन फॉर्म 29 आणि 30 वर (मालकी बदलण्याचे फॉर्म) सही करत नाही तोवर पूर्ण पैसे देऊ नका. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीवर ज्याचं नाव आहे तोच मालक मानला जाईल. हे मूळ मालकाला सांगितलं की तो स्वतःहून सही करायला येतो. मालक वारलेला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी होऊ द्या, त्यासाठी फॉर्म 31 असतो.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हवा. कर्ज फिटलंय असं तोंडी सांगणं पुरेसं नाही. परतवाडा, वरुडकडे मध्य प्रदेशच्या आणि राजुरा, पांढरकवडाकडे तेलंगणच्या पासिंगच्या गाड्या स्वस्तात मिळतात. त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि इथे कर पुन्हा भरावा लागतो. तो हिशेब करून बघा, स्वस्ताई बहुतेक वेळा तिथेच संपते. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपत आलेली असेल तर फिटनेस, पर्यावरण कर आणि 2022 पासून पाच हजार झालेलं नूतनीकरण शुल्क तुमच्या माथी येतं. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का आणि चलनं थकलेली नाहीत ना, हे मोबाईलवर तपासता येतं.

विमा वेगळा. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. नाही दिलात तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, तेव्हा पुढचा हप्ता थोडा वाढेल हे धरून चाला.

वेळेबद्दल माझा अनुभव असा. मे आणि जूनमध्ये पेरणीसाठी बियाणं-खताला पैसा लागतो, तेव्हा गाड्या विकायला निघतात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापसाचा पैसा हातात असतो, तेव्हा घेणारे वाढतात आणि भाव चढतो. म्हणून मी नव्या लोकांना मे महिन्यात घ्या म्हणतो. गाडी तापते का तेही तेव्हाच खरं कळतं. फक्त पेरणीच्या अडचणीतला माणूस समोर असेल तर घासाघीस मर्यादेत ठेवा. उद्या त्याच गावात त्याच्या मुलाला तुम्ही शिकवणार असाल.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात रेडिएटर धुऊन घ्या आणि तयार मिसळलेलं कूलंट भरा. त्याचाच एक डबा डिकीत ठेवा, म्हणजे रस्त्यात कोणाच्या बोअरकडे जावं लागणार नाही.