सिल्की कोंबड्या घरी आणण्याआधीची तयारी

सिल्की आणायच्या असतील तर दिवाळीनंतर आणा. दसऱ्यापर्यंत पाऊस ओसरलेला असतो, खुराडं बांधून कोरडं व्हायला सवड मिळते. पुढचे तीन-चार महिने हवाही कोरडी असते, त्यामुळे मे महिन्याचं ऊन आणि जूनचा पाऊस येईपर्यंत पक्षी मोठे झालेले असतात आणि आपला हातही बसलेला असतो. जूनमध्ये पिल्लं आणणं म्हणजे सगळी दुखणी एकदम अंगावर घेणं.

याचं कारण पिसात आहे. साध्या कोंबडीच्या पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून पीस सपाट राहतं आणि पाणी त्यावरून ओघळून जातं. सिल्कीच्या पिसाला हे आकडे धड नसतात. तंतू सुटे राहतात, म्हणून ती इतकी मऊ, फुगलेली दिसते. म्हणूनच ती दोन सरींत कातडीपर्यंत भिजते, तिला उडता येत नाही आणि ओली राहिली की गारठून बसते. बाकी कोंबड्यांना चालतं ते हिला का चालत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

लाकूड आणि पत्रा घेण्याआधी सोसायटीत, ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत कोंबड्या ठेवायला चालतात का, ते विचारून घ्या. सिल्कीचा कोंबडा लहानखुरा असला तरी पहाटे आरवतोच. नुसती अंडी हवी असतील तर कोंबडा लागतच नाही. पिल्लं हवी असतील तरच तो आणा.

एक कोंबडा आणि चार माद्या धरल्या तर आतलं खुराडं 4 फूट बाय 4 फूट आणि त्याला लागून 6 फूट बाय 10 फुटांचं जाळीचं अंगण पुरतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर खुराड्याची जमीन दीड फूट उचलून घ्या आणि पत्र्याची वळचण दोन फूट बाहेर काढा. तिथला पाऊस आडवा येतो, आखूड वळचणीखाली गादी, म्हणजे जमिनीवर पसरलेलं तूस, पहिल्याच आठवड्यात ओली होते. अंगणाच्या निम्म्या भागावर तरी पत्रा हवाच. वारा खेळता राहायला झरोके छताजवळ ठेवा, कोंबड्यांच्या अंगाच्या उंचीला नकोत. पावसाळ्यात सगळ्या बाजू प्लास्टिकने बंद करायचा मोह आवरा. विष्ठेचा वायू आत कोंडतो आणि डोळ्यांतून, नाकातून पाणी यायला लागतं.

जाळी अर्धा इंच घराची वेल्डमेशच घ्या. षटकोनी घरांची स्वस्त कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला आणि उदमांजराला बाहेर ठेवत नाही. जाळीची एक फुटाची पट्टी जमिनीत उभी गाडा किंवा दीड फूट बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर माती ओढा, म्हणजे घूस पोखरत आली तरी अडते. वरूनही जाळी हवी. सिल्की उडून जाणार नाही हे खरं, पण शेंडीमुळे तिला वरचं दिसतच नाही आणि घारीला हे लगेच कळतं. डोळ्यांवर आलेली शेंडीची पिसं बोथट टोकाच्या कात्रीने कापून टाका. दिसणारी कोंबडी दचकत नाही, नीट खाते आणि मारही कमी खाते.

बसायची दांडी जमिनीपासून सहा ते आठ इंचांवर, तीन इंच रुंद आणि कडा घासलेली असावी. बऱ्याच सिल्की दांडीकडे ढुंकूनही बघत नाहीत, कोपऱ्यात एकमेकींना चिकटून जमिनीवर झोपतात. त्यामुळे आतली गादी हाच त्यांचा बिछाना. भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा तीन इंच जाड पसरा, रोज वरखाली करा आणि आठवड्यातून एकदा मूठभर घेऊन आवळून बघा. मूठ उघडल्यावर लाडू वळलेला राहिला तर ती बदलायची वेळ झाली. तूस विकत घेताना नाकाशी धरा. कुबट वास आला तर परत द्या, कारण त्या बुरशीने पिल्लांची फुप्फुसं धरतात. अंडी घालायला 12 इंचांचे चौकोनी खोके जमिनीलगतच ठेवा आणि तोंडाशी चार इंचांची पट्टी ठोका, म्हणजे अंडी घरंगळत नाहीत.

पाण्याचं उघडं भांडं सिल्कीला सोसत नाही. शेंडी आणि दाढी दिवसभर भिजते, तिला खाद्य चिकटतं, मग ते आंबतं आणि इतर कोंबड्या तिथेच टोचत राहतात. पाच-दहा लिटरच्या डब्याला दोन निपल, म्हणजे चोच लावली की थेंब देणाऱ्या छोट्या तोट्या, बसवा. मान थोडी वर करून पिता येईल इतक्या उंचीवर. पहिले दोन दिवस निपलला बोट लावून थेंब दाखवावा लागतो. एकीने शिकलं की बाकीच्या बघून शिकतात.

खाद्याचा हिशेब सोपा आहे. मोठा पक्षी दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम खातो, म्हणजे पाच पक्ष्यांना महिन्याला 9 ते 12 किलो. पावसाळ्यात एका महिन्यापेक्षा जास्त भरू नका. मका आणि शेंगदाणा पेंडीला बुरशी धरली की तिचं विष यकृतात जातं, आणि खाद्य उन्हात वाळवून ते विष निघत नाही. पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, फळीवर ठेवा. पिल्लांना आठ आठवडे स्टार्टर, पुढे अंडी सुरू होईपर्यंत ग्रोअर, मग लेअर. लेअर खाद्य पिल्लांना घालू नका. त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, मादी लागेल तेवढा खाते. आणि अंड्यांचा लोभ धरून सिल्की घेऊ नये. वर्षाला शंभर-सव्वाशे लहान अंडी मिळाली तरी चांगलं म्हणायचं, कारण मधला बराच काळ ती खुडूक असते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसलेली असते.

पक्षी निवडताना घाई करू नका. पाय बघा. सिल्कीला पाच बोटं असतात, मागची दोन एकमेकांपासून स्पष्ट सुटी आणि पाचवं वर वळलेलं. मग छातीवरची पिसं फुंकर मारून बाजूला करा, कातडी काळी-निळसर दिसली पाहिजे. मोठ्या पक्ष्याची कानाची पाळी निळसर असते आणि तुरा अक्रोडासारखा, दातेरी नसलेला. बाजारात कडकनाथशी संकर केलेली पिल्लंही सिल्की म्हणून खपवली जातात. झाबुआच्या कडकनाथची कातडीही काळीच, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. सिल्कीचं पीस दोन्ही आईबापांकडून आलं तरच दिसतं. पहिल्या संकराची पिसं साध्या कोंबडीसारखी सपाट निघतात, पण बोटं मात्र पाच असू शकतात. अशा दोन संकरित पक्ष्यांची पिल्लं काढली तर चारातल्या एकाला मऊ पीस येतं. आठवडाभराच्या पिल्लात हा फरक नीट कळत नाही, म्हणून शक्यतो आईबाप बघून घ्या. नर-मादी तर चार-सहा महिने कळत नाही. चार माद्या हव्या असतील तर आठ पिल्लं घ्या. ‘सगळ्या माद्याच आहेत’ असं सांगणारा अंदाजच सांगत असतो.

विकणाऱ्याला लसींचं मात्र खोदून विचारा. सिल्की मॅरेक्स या पाय लुळे पाडणाऱ्या रोगाला फार बळी पडते आणि त्याची लस पहिल्याच दिवशी टोचावी लागते. पाय लुळे पडल्यावर तिचा उपयोग नाही. बाकीच्या लसींसाठी आधीच पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन वेळापत्रक लिहून आणा. साधारणपणे पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांत देवीची आणि आठव्या आठवड्यात राणीखेतचीच दुसरी लस, आर-टू-बी. कुपी शंभर किंवा जास्त डोसांची येते आणि कालवल्यावर तासा-दोन तासांतच वापरावी लागते, म्हणून आसपासच्या दोन-तीन कोंबडीवाल्यांनी एकाच दिवशी लस द्यावी. दुकानातून घरी आणताना बर्फाचा थर्मास हवा. वाटेत उन्हात तापलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

नवे पक्षी जुन्यांपासून तीस दिवस वेगळे ठेवा. गावठी किंवा मोठ्या जातीच्या कोंबड्यांत सिल्की मिसळूच नका, असं आमचं मत आहे. बऱ्याच सिल्कींच्या कवटीला माथ्यावर फुगवटा असतो आणि तिथलं हाड अपुरं असतं. शेंडीवर बसलेली एक जोरदार चोच मेंदूपर्यंत पोचते. मग मान पाठीकडे वळते, पक्षी मागे-मागे चालतो, कोलमडतो. राणीखेत म्हणजे मानमोडीतही मान अशीच वाकडी होते, तेव्हा फरक ओळखता आला पाहिजे. एकदम दोन-तीन पक्षी आजारी, हिरवी पातळ विष्ठा आणि घरघर असेल तर ताबडतोब डॉक्टरांना बोलवा आणि कुणालाही हलवू नका. लस झालेला एकटाच पक्षी, बाकी तरतरीत पण मान वाकडी, असं असेल तर त्याला वेगळ्या खोक्यात ठेवून ई जीवनसत्त्व, सेलेनियम आणि बी-वन डॉक्टरांना विचारून सुरू करा. चोच धरून दिवसातून चार-पाच वेळा पाणी पाजा. बरं व्हायला आठवडे लागतात. बरेच पक्षी मार लागून नव्हे, तर वाडग्यापर्यंत पोचता न आल्याने उपाशी मरतात.

औषधांच्या डब्यात नखं कापायची कात्री ठेवाच. पाचवं बोट जमिनीला टेकत नाही, त्यामुळे त्याचं नख झिजत नाही आणि वळत वळत मांसात रुततं. महिन्यातून एकदा बघा. पायाच्या पिसांत विष्ठेचे गोळे वाळले तर ओढू नका, कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं धरून सोडवा. खवल्यांखाली किडे झाले की खवले उचललेले, खडबडीत दिसतात. तिथे व्हॅसलीन जाड थापा आणि आठवड्याने पुन्हा थापा. रॉकेल लावू नका. पक्षी चिंब भिजला तर टॉवेलने टिपून ड्रायरच्या मंद वाऱ्यावर पार आतली लव सुटी होईपर्यंत वाळवा. वरून वाळलेला पक्षी आतून ओलाच असतो.

पिल्लं काढायची तयारी वेगळी. जोडा लावण्याआधी नर-मादी दोघांच्याही शेपटीखालची पिसं आखूड करा, नाहीतर बरीच अंडी वांझ निघतात आणि दोष बिचाऱ्या कोंबड्याला लागतो. अंडी टोक खाली करून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको, आणि सात दिवसांपेक्षा जुनी बसवू नका. मादी खुडूक झाली, म्हणजे हात घातल्यावर फुगून गुरगुरली आणि दोन रात्री खोक्यातच राहिली, की तिला अंधार पडल्यावर वेगळ्या जागी हलवा. तिच्या पोटाखालची लांब लव कापा, कारण ती नव्या पिल्लांच्या मानेला आणि पायांना गुंडाळते. उवांची पावडर तेव्हाच लावून घ्या, पिल्लं निघाल्यावर नको. स्वतःची सहा ते आठ किंवा गावठी चार-पाच अंडी ती नीट झाकते. सगळी एकाच दिवशी ठेवा, पेन्सिलने खूण करा आणि मध्ये जाळी लावा. दुसऱ्या माद्या तिथे रोज अंडं घालून गेल्या तर पहिली दोन पिल्लं निघाली की आई उठते आणि बाकीची आतल्या आत मरतात. सातव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात शिरा दिसल्या नाहीत तर ते अंडं काढून टाका. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते आणि एकच भलीमोठी, वास मारणारी विष्ठा टाकते. त्यात आजार काही नाही. एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं निघतात, तोवर हात आवरा.

पिल्लांखाली वर्तमानपत्र घालू नका, पाय घसरून दोन्हीकडे फाकतात. पहिले काही दिवस गोणपाट, मग तूस. पाण्याच्या थाळीत खडे टाका. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण, आणि मूळ ओल्या गादीत. अँप्रोलियम पाकिटावरच्या मात्रेत पाण्यातून द्या, पण त्याच दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. त्यातलं बी-वन औषधाचा जोर मारतं. ते कोर्स संपल्यावर.

आठ पिल्लांतले साधारण तीन-चार नर निघणार. एका कोंबड्याला चार-पाच माद्या लागतात, दोन कोंबडे एका खुराड्यात ठेवले तर माद्यांच्या पाठी सोलवटतात. जास्तीचे कोंबडे कुणाला द्यायचे, वेगळे पाळायचे की खायचे, हे अंडी बसवण्याआधीच घरात बोलून घ्या. पोरांनी नावं ठेवल्यावर हा विषय काढता येत नाही.