डबा मागून वाचा : गाडीचं सिंथेटिक ऑइल कसं निवडायचं

मागच्या उन्हाळ्यात मेव्हण्याच्या गाडीचं ऑइल बदलायला गेलो होतो एका गॅरेजात, तर तिथला मिस्त्री म्हणाला, "साहेब मुंबईची गरमी बघताय ना, पातळ ऑइल टिकत नाय, ट्वेन्टी-फिफ्टी टाकतो, फुल सिंथेटिक आहे." डब्यावर सोनेरी अक्षरात फुल सिंथेटिक लिहिलेलं होतंच, मेव्हणा लगेच हो म्हणाला. गाडी चार वर्षांची पेट्रोल, कंपनीने सांगितलेलं ऑइल ०डब्ल्यू-२०, म्हंजे मिस्त्रीच्या २०डब्ल्यू-५० पेक्षा बरंच पातळ. पुढच्या दोन टाक्यांत अ‍ॅव्हरेज पडलं, सकाळी स्टार्ट केल्यावर टकटक यायला लागली, मग ते अख्खं ऑइल काढून नवीन भरलं, म्हंजे खर्च दोनदा. ऑइल अस्सलच होतं, वाईट पण नव्हतं, फक्त त्या इंजिनसाठी नव्हतं. म्हणून सांगतो, डब्याच्या पुढच्या बाजूला जे लिहिलंय ते विकण्यासाठी असतं, आपल्या कामाचं सगळं मागे बारीक अक्षरात असतं.

आधी ग्लव्ह बॉक्स उघडा

दुकानात जायच्या आधी गाडीचं मॅन्युअल काढा, त्यात ऑइलच्या पानावर तीन गोष्टी मिळतील : ग्रेड, स्टँडर्ड आणि किती लिटर लागतं. पानाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ असते, पण मॉडेल, वर्ष आणि इंजिन तिन्ही जुळवून बघा, एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदलतं.

लिटरचा आकडा का, तर बऱ्याच छोट्या गाड्यांना तीन-साडेतीन लिटर पुरतं आणि बिल चार लिटरचं होतं. उरलेलं ऑइल डब्यासकट मागून घ्या, पैसे तुम्ही दिलेत.

ग्रेड म्हंजे काय आणि मुंबईत त्यातलं काय बघायचं

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हा विंटरचा. पहिला आकडा सांगतो ऑइल कडाक्याच्या थंडीत किती वाहतं : ०डब्ल्यूची टेस्ट उणे ३५ अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला. आता आपल्या सांताक्रूझला नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश, ते पण जानेवारी १९६२ मधलं. त्यामुळे ०डब्ल्यू का ५डब्ल्यू यावर मुंबईत रात्र रात्र चर्चा करण्यात काही अर्थ नाही, दोन्ही चालतील, मॅन्युअलमध्ये जे आहे ते घ्या.

खरा आकडा दुसरा. तो १०० अंशाला, म्हंजे इंजिन तापल्यावर ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. मिस्त्री लोक "इथे गरमी आहे" म्हणून जाड ऑइल सुचवतात, पण बाहेर ३५ अंश असो नाहीतर १५, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून इंजिनचं तापमान साधारण ठरलेल्या पट्ट्यातच ठेवतात. २० ग्रेडसाठी (म्हंजे दुसरा आकडा २०) बनवलेल्या इंजिनात ऑइलच्या वाटा बारीक असतात, व्हॉल्व्ह टायमिंग ऑइलच्या प्रेशरवर चालतं, तिथे ५० ग्रेड टाकलं की ते पोचायला वेळ लागतो आणि पंपाला जास्त जोर लावावा लागतो. उलट्या बाजूने, जुन्या इंजिनला जाड ग्रेड सांगितलेली असेल तर अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून त्यात ०डब्ल्यू-१६ ओतू नका. ते खास त्याच्यासाठी बनवलेल्या नव्या इंजिनांनाच चालतं, म्हणून तर त्याला अमेरिकेत लेबलवर वेगळं चिन्ह दिलंय.

मॅन्युअलमध्ये दोन ग्रेड दिल्या असतील, समजा ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३०, तर टर्बो गाडीला आणि दर शनिवारी घाट चढणाऱ्याला मी ५डब्ल्यू-३० सांगेन. हे माझं मत, कंपनीचं नाही.

आता डबा उलटा करा

मागे एपीआय लिहिलेलं शोधा, ते ऑइलच्या दर्जाचं अमेरिकन स्टँडर्ड. एस ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोलसाठी : एसएन २०१० ची, एसपी २०२० ची, आणि एसक्यू मार्च २०२५ पासूनची. नवीन अक्षर जुन्याच्या जागी चालतं, म्हंजे मॅन्युअलमध्ये एसएन असेल तर एसपी बिनधास्त घ्या. टर्बो पेट्रोलवाल्यांनी मात्र एसपीच्या खाली जाऊच नये. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी स्पीडला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कधीकधी स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटतं, त्या झटक्याने पिस्टन फुटू शकतो, आणि ऑइलमध्ये कॅल्शियमचं प्रमाण जास्त असलं की हे वाढतं. एसपीमध्ये त्याची वेगळी टेस्ट आहे, टायमिंग चेनच्या झिजेची पण आहे. आणि कमी स्पीडला अ‍ॅक्सिलरेटर दाबणं म्हंजे आपलं रोजचं एलबीएस मार्गाच्या ट्रॅफिकमधलं जगणं!

बीएस-६ डिझेल असेल, म्हंजे एप्रिल २०२० नंतरची, तर जास्त काळजी. त्यात डीपीएफ, म्हंजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, ऑइलमधल्या धातूंची राख त्यात जमते आणि ती जळून जात नाही. म्हणून कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए (हे युरोपियन स्टँडर्ड) सी२, सी३ असं सी वालं काहीतरी दिसेल, त्यातलं मॅन्युअलमध्ये असेल तेच. स्वस्तातलं ट्रकचं ऑइल टाकून डीपीएफ चोक झाला की वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट बिल येतं.

युरोपियन गाड्यांना कंपनीचा स्वतःचा नंबर असतो, फोक्सवॅगन ५०८.००, मर्सिडीज २२९.५१ वगैरे. इथे शब्द नीट वाचा. "अप्रूव्हल" लिहिलं असेल तर त्या कंपनीने ते ऑइल खरंच पास केलंय, आणि "मीट्स" किंवा "सूटेबल फॉर" असेल तर ते ऑइलवाल्याचं स्वतःचं म्हणणं आहे. वॉरंटीतल्या गाडीला अप्रूव्हलवालंच घ्या.

फुल सिंथेटिक या शब्दाचं काय करायचं

फार काही नाही. खरं सिंथेटिक म्हंजे प्रयोगशाळेत रेणू जोडून बनवलेलं, पीएओ, ज्याला ग्रुप ४ म्हणतात, असं पूर्वी धरायचे. पण ग्रुप ३ म्हंजे कच्च्या तेलापासूनच, हायड्रोजनने जोरदार शुद्ध केलेलं तेल, ते पण बरंच जवळ पोचलं, आणि १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल विरुद्ध कॅस्ट्रॉल असा जाहिरातीचा वाद झाला त्यात निकाल लागला की ग्रुप ३ ला पण सिंथेटिक म्हणता येईल. तेव्हापासून बाजारात सिंथेटिक म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं ग्रुप ३ च असतं. यात फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही, चांगलं ग्रुप ३ तेल आपल्या गाड्यांना भरपूर झालं, फक्त सोनेरी अक्षरांसाठी दीडपट पैसे देऊ नका. ०डब्ल्यू-२० वगैरे पातळ ग्रेड साध्या मिनरल तेलापासून बनतच नाही, त्यामुळे तिथे सिंथेटिकची निवड आपोआपच झालेली असते.

दोन सारख्या डब्यांत निवडायचं असेल तर ऑइलच्या नावासोबत "टीडीएस" असं सर्च करा, कंपनीचा एक पानी तक्ता मिळतो. त्यात दोनच ओळी बघा. नोअ‍ॅक : २५० अंशाला तासभर तापवल्यावर किती टक्के उडून गेलं, जितकं कमी तितकं बरं, एपीआय एसपीला मर्यादा १५ टक्के. आणि एचटीएचएस : बेअरिंगमध्ये दाबाखाली ऑइलचा थर किती टिकतो, ३० ग्रेडला किमान २.९, आणि एसीईए सी३ ला किमान ३.५. पोअर पॉइंट, म्हंजे थंडीत ऑइल वाहायचं थांबतं ते तापमान, उणे ४५ आहे का उणे ४२ ते सोडून द्या, तुम्ही ठाण्याला चाललाय, लेहला नाही.

किलोमीटर नाही, तास मोजा

ऑइल कधी बदलायचं ते ठरवायला गाडीत अ‍ॅव्हरेज स्पीड दिसतो तो बघा. माझा १७ आहे. दहा हजार किलोमीटरला १७ ने भागलं तर जवळपास ५९० तास इंजिन चालू, आणि हायवेवर ६० ने जाणाऱ्याचे तेच १६७ तास, म्हंजे साडेतीन पट काम माझ्या ऑइलने केलं आणि मीटर दोघांचं सारखंच. मॅन्युअलमध्ये मागे "सिव्हियर कंडिशन" नावाचा तक्ता असतो, ट्रॅफिक, छोटे अंतर, धूळ, तो आपलाच समजा. मी सात हजारला बदलतो, नाहीतर वर्ष झालं की, जे आधी येईल ते. फिल्टर आणि चेंबरच्या नटाचा वॉशर दर वेळी नवीन.

रंगावरून ठरवू नका. डिझेलचं ऑइल भरल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं आणि ते काळं होणं म्हंजे काजळी धरून ठेवण्याचं त्याचं काम चालू आहे. सीएनजीवाल्यांचं उलटं, काजळी कमी म्हणून ऑइल सोनेरीच दिसतं आणि माणूस गाफील राहतो, आतून ते उष्णतेने संपलेलं असतं.

रंगापेक्षा ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी (डिपस्टिक) बघा. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, पुसून परत घालून. लेव्हल कमी झाली तर सगळ्यांना कळतं, वाढलेली मात्र कोणी बघत नाही. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ साफ करायला जास्तीचं डिझेल सोडलं जातं, ते काम ट्रॅफिकमध्ये अर्धवट राहिलं की ते डिझेल चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि लेव्हल वर येते. मॅक्सच्या वर गेली असेल तर ऑइल बदलाच, आणि आठवड्यातून एकदा गाडी ईस्टर्न फ्रीवेवर वीसेक मिनिटं एकसारखी पळवा. पावसाळ्यात अंधेरी सबवे किंवा हिंदमाताच्या पाण्यात गाडी अडकली असेल तर स्टार्टरला हात न लावता आधी पट्टी काढा, ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर टोइंगवाल्याला फोन.

डुप्लिकेटपासून जपा

सुट्टं ऑइल, म्हंजे ड्रममधून मापाने काढलेलं, घेऊच नका. सील तुमच्यासमोर तुटलं पाहिजे, झाकणावरचा आणि डब्यावरचा बॅच नंबर बघा, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा, आणि बिलावर नुसतं "इंजिन ऑइल" नको, पूर्ण नाव आणि ग्रेड लिहून घ्या. काढलेलं काळं ऑइल गॅरेजवाल्याकडेच राहू द्या, तो अधिकृत रिसायकलवाल्याला देतो का विचारा, घरी बदललं असेल तर गटारात ओतू नका.

आणि रिकामा डबा भंगारात देताना लेबलच्या मधोमध खिळ्याने दोन भोकं पाडा. भंगारवाला चार रुपये कमी देईल, तोंड पण वाकडं करेल, कारण न फुटलेल्या डब्याला त्याच्याकडे वेगळं गिऱ्हाईक असतं.