मशीन एम्ब्रॉयडरी करताना मागे कुठलं बॅकिंग लावायचं?

डिझाइन छान, धागा चांगला, मशीनचं टेन्शनपण बरोबर, आणि तरी हूपमधून (कापड ताणून धरणाऱ्या चौकटीतून) काढलं की डिझाइनभोवती कापड गोळा झालेलं, असं होत असेल तर आधी बॅकिंग, म्हणजे कापडाच्या मागे लावायचा आधाराचा थर, बघा. प्रत्येक टाका कापडाला जरा जरा आत ओढतो, अशा हजारो टाक्यांची ओढ नुसत्या कापडाला झेपत नाही, ती बॅकिंगलाच झेलावी लागते.

बॅकिंग निवडायच्या आधी कापड आडवं-उभं ओढून बघा. ताणत असेल (टीशर्ट, होजिअरी, स्वेटर) तर कट-अवेच लावा, ते मागे कायम राहतं, जास्तीचं कात्रीने कापायचं. टेअर-अवे म्हणजे शेवटी हाताने फाडून काढायचं बॅकिंग, ते फाडलं की मागून साफ दिसतं म्हणून टीशर्टला तेच लावावंसं वाटतं, पण सुईने भोकं पडून ते टाक्यांखाली सुटत जातं आणि धुतल्यावर डिझाइन वाकडं होतं. पातळ फिक्या टीशर्टला जाड कट-अवेचा चौकोन पुढून दिसतो, तिथे मऊ नो-शो मेश (पुढून न दिसणारं जाळीदार कट-अवे) घ्या.

डेनिम, जाड कॉटन, कॅनव्हास यांना टेअर-अवे चालतं. मात्र डिझाइन भरीव आणि टाके दाट असतील तर कॉटनलाही मी कट-अवेच लावते. टेअर-अवे फाडताना टाके अंगठ्याने दाबून धरा, खसकन ओढलं की टाके सैल होतात.

टॉवेलवर मागच्या बॅकिंगसोबत वरूनही पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म लागते, नाहीतर अक्षरं लूपमध्ये बुडून जातात. नुसत्या धाग्याची लेस करायची असेल तर ही पातळ फिल्म टिकत नाही, विरघळणारंच पण कापडासारखं दिसणारं वॉश-अवे घ्या, आणि ते घट्ट बंद पिशवीत ठेवा कारण दमट हवेत ते चिकट होतं. मखमल हूपमध्ये दाबली की वळ उठतो, म्हणून फक्त चिकट बॅकिंग हूप करून मखमल त्यावर अलगद चिकटवायची.

बॅकिंग हूपपेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठं कापा, हूपच्या कडेत पकडलं गेलं नाही तर लावून न लावल्यासारखंच. आणि हूप घट्ट केल्यावर टीशर्ट ओढून ओढून सरळ करू नका प्लीज, तेव्हा गुळगुळीत दिसतो पण काढल्यावर कापड परत आखडतं आणि चुण्या पडतातच.

शेवटी कट-अवे कापताना टाक्यांपासून साधारण 1 सेंटीमीटर सोडा आणि कोपरे गोल करा, टोकदार कोपरा अंगाला टोचतो. लहान बाळाचे कपडे असतील तर मागून इस्त्रीने चिकटणारं मऊ कव्हर लावाच, त्यांची कातडी फार नाजूक असते.