ऊसतोडीवर दीर्घ लेख लिहायचा असेल तर

दिवाळी अंकासाठी ऊसतोड मजुरांवर लिहायचं ठरवलंत, तर आदल्या हिवाळ्यातच फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात जा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या गावातून निघतात, अंक तेव्हा छापून झालेले असतात. मी पहिल्या वर्षी सप्टेंबरात बीड जिल्ह्यात पोचले होते. लेख झाला, पण त्यात कोयता चालताना कुठेच दिसत नव्हता.

पहिला दिवस वही काढू नका. कोपीबाहेर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीबाहेर बसा, मोळ्या बांधताना बघा. बायका पहाटे भाकऱ्या थापायला उठतात, दिवस फडात जातो आणि परतल्यावर पुन्हा चूल. त्यांच्याशी बोलायची वेळ त्यांनाच ठरवू द्या. मला सगळ्यांत खरं ऐकायला मिळालं ते भांडी घासताना, शेजारी बसून.

आकडे मात्र नेमके हवेत. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, किती घेतली, किती फिटली, टनाला काय दर मिळाला? ‘एक कोयता’ म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, हे वाचकाला सांगा. तिची मजुरी कुणाच्या हातात पडते तेही विचारा. मग उचल देऊन टोळी आणणाऱ्या मुकादमाला भेटा. त्याचा हिशेब वेगळा निघेल, तोही लिहा.

अनिल अवचट हमालांवर, विडी कामगारांवर लिहायचे ते असंच, माणसांजवळ बसून. त्यांची साधी वाक्यं मी आजही लिहिण्याआधी वाचते.

वह्या टाकू नका, प्रत्येक पानावर तारीख आणि गाव घाला. पुढे पुस्तक करायचं झालं तर त्याच घरी पुन्हा जा. छापलेला अंक सोबत न्या आणि त्यांना वाचून दाखवा.