हलगी, संबळ आणि समिंग बॉक्स

समिंग म्हणजे गाण्याचे सगळे ट्रॅक एकत्र करणं. ते कॉम्प्युटरबाहेर, अ‍ॅनालॉग समिंग बॉक्समध्ये केलं तर आवाज खरंच बदलतो का, हे तपासायचंय. सॉफ्टवेअरमधलं समिंग म्हणजे निव्वळ बेरीज. 32-बिट फ्लोटमध्ये (आकडे साठवण्याची पद्धत) ती आतल्या आत क्लिप होत नाही, म्हणजे आवाजाचे माथे कापले जात नाहीत. अ‍ॅनालॉगमध्ये जो रंग चढतो तो बहुतेक प्री-अ‍ॅम्पचा (सिग्नल वाढवणारा) आणि कन्व्हर्टरचा (डिजिटल-अ‍ॅनालॉग रूपांतर करणारा). म्हणून तुलनेला दोन नव्हे, तीन फायली लागतात.

समजा नवरात्रासाठी तुळजापूरच्या देवीचं गाणं आहे. मास्टरवरचे (पूर्ण मिक्सवर लावलेले) कॉम्प्रेसर-लिमिटर बंद करून चार स्टिरिओ स्टेम, म्हणजे गटागटाच्या वेगळ्या फायली, काढा: हलगी-संबळ, बेस, पेटी, गायन-कोरस. चारही एकत्र लावा आणि मूळ मिक्सची फेज उलटी करून त्यावर ठेवा. चिडीचूप शांतता हवी; हीच नल टेस्ट. काही उरलं तर बहुधा एखादा रिव्हर्ब (घुमारा) सुटलाय.

पहिली फाईल सॉफ्टवेअरचा बाउन्स, म्हणजे आतल्या आत काढलेलं मिक्स. दुसरी, तोच बाउन्स इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला जोडलेलं ऑडिओ यंत्र) 1-2 आउटपुटमधून बाहेर काढून थेट परत घेतलेला. तिसरी, आठही आउटपुट बॉक्समध्ये, तिथून प्री-अ‍ॅम्प, मग आत. पहिली-दुसरीतला फरक कन्व्हर्टरचा आहे, तो बॉक्सच्या नावावर खपवू नका.

खरी मेहनत लेव्हलची. प्रत्येक आउटपुटवरून एकेक करून 1 किलोहर्ट्झचा टोन उणे 18 डीबीएफएसवर (डिजिटल कमाल पातळीच्या 18 डीबी खाली) सोडा आणि परतीची लेव्हल 0.1 डीबीच्या आत जुळवा. अर्धा डीबी जास्त असलेली फाईलच 'भरदार' वाटते. निम्मे वाद इथेच मिटतात. साध्या पॅसिव्ह (सिग्नल न वाढवणाऱ्या) बॉक्समध्ये एका बाजूला चार इनपुट असतील तर सुमारे 12 डीबी पडतात. मध्येच एक जॅक निसटला तर उरलेले तीन चॅनेल 2.5 डीबीने वर येतात! टोन लावताना आठही वायरी जोडलेल्याच ठेवा.

सोलापुरात शेजारी यंत्रमाग असेल तर 50 हर्ट्झची घरघर ठरलेली. बॅलन्स्ड केबल (बाहेरची घरघर रद्द करणारी) वापरा, सगळं एकाच बोर्डावर लावा. अर्थिंगची पिन मात्र कधीच काढू नका. तिन्ही फायली एकाच बैठकीत घ्या. मध्येच लाईट जाऊन इन्व्हर्टर लागला तर पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीला एक टिकटिक ठेवून फायली सॅम्पलवर जुळवा. अर्ध्या सॅम्पलची चूकही नल टेस्टमध्ये वरच्या पट्टीची चरचर सोडते. तिला 'अ‍ॅनालॉगची हवा' समजू नका.

शेवटी फायलींची नावं दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा आणि दुसरी-तिसरी दहा वेळा ओळखा. पाच-सहा बरोबर म्हणजे अंदाजपंचे. नऊ आले तर बॉक्स ठेवा.