अक्षांश-रेखांशाचे पाच दशांश

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी पहिला प्रीप्रिंट टाकला, म्हणजे नियतकालिकात छापून येण्याआधीच शोधनिबंध इंटरनेटवर खुला केला. काम होतं सह्याद्रीतल्या निमास्पिस पालींवर. बोटाएवढी, दिवसा वावरणारी, गोल बाहुलीची ही पाल. यातल्या काही जाती एखाद्या डोंगरापुरत्याच उरलेल्या आहेत. बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर मजकूर चढवायला पैसे लागत नाहीत, दोन-तीन दिवसांत डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) मिळतो आणि फेलोशिपच्या अर्जात तो लिहिता येतो. मला अर्जाची घाई होती.

घाईत पुरवणी तक्ता जसाच्या तसा जोडला. प्रत्येक नमुन्यापुढे अक्षांश-रेखांश, पाच दशांशांपर्यंत. पाचवा दशांश म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. डोंगर कुठला हे सांगणं पुरेसं होतं, मी कातळ सांगून बसले. मार्गदर्शकांनी निष्कर्षाचा परिच्छेद तीनदा सुधारला, तक्ता मात्र उघडलाही नाही. पुरवणी न वाचणाऱ्या मार्गदर्शकाच्या सहीवर विसंबू नका, मग त्यांचं नाव कितीही मोठं असो.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर त्या पठारावर गेले. या पाली कडक कवचाची अंडी दगडाच्या खालच्या अंगाला चिकटवतात आणि बऱ्याचदा अनेक माद्या एकच जागा वापरतात. ते दगड उलथून पडले होते, अंडी फुटलेली. सोबत येणारे मामा एवढंच म्हणाले, “ताई, हे रानडुकराचं काम न्हाई.” माझा तक्ता वाचूनच कोणी आलं, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तो पत्ता जगात दुसऱ्या कुणी छापलेला नव्हता.

रात्रीच दशांश कापलेली दुसरी आवृत्ती चढवली. उपयोग शून्य, कारण पहिली आवृत्ती इतिहासात तशीच राहते. प्रीप्रिंट मागे घेतला तरी त्यावर तसा शिक्का बसतो, जुना मजकूर वाचता येतोच. हे मला आधी माहीत होतं. तक्त्यालाही तेच लागू आहे, हे डोक्यातच आलं नाही. आणि धोका काल्पनिक नाही: चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचं वर्णन 1999 मध्ये छापून आलं आणि मूळ जागेवरच्या पाली, त्या पाळणाऱ्या हौशी लोकांच्या बाजारासाठी पकडून संपवल्या गेल्या.

म्हणून तक्ता पाठवण्याआधी दशांश कापा. दोन दशांश म्हणजे सुमारे एक किलोमीटर, एक दशांश म्हणजे अकरा. एकाच डोंगरावरची जात असेल तर एकच ठेवा. जेनबँक या खुल्या साठ्यात डीएनएचे क्रम भरताना अक्षांश-रेखांशाचा वेगळा रकाना येतो, तिथेही तेच करा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद ‘ऑब्स्क्युअर्ड’, म्हणजे नेमकी जागा झाकलेली, ठेवा. फोटोच्या फाइलमधला जीपीएस पुसा आणि मागे ओळखू येणारा सुळका दिसत असेल तर तो फोटो वापरूच नका. पूर्ण आकडे संग्रहालयाच्या नोंदवहीत राहू द्या. परीक्षकांनी मागितले तर द्या, अनोळखी ईमेलला नाही.

नवी जात असेल तर तिचं नाव पोस्टरवर किंवा प्रीप्रिंटमध्ये लिहू नका. प्राणिनामकरणाच्या नियमांत दोन्ही प्रकाशन धरले जात नाहीत. नाव फुटतं आणि तुमच्या खात्यावरही पडत नाही.

हे वाचून काम कपाटात ठेवू नका, माझी कळकळीची विनंती आहे. मोजमापं, क्रम, विश्लेषणाचा कोड सगळं खुलं करा. त्या प्रीप्रिंटमुळेच मला दोन चांगले सहकारी मिळाले आणि त्यातल्या एकीने माझी सांख्यिकीतली चूक छपाईआधी पकडली. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनी प्रबंधाआधीची पेपरची सक्ती काढली आहे. विद्यापीठाचा स्वतःचा नियम बघून घ्या, पण आठवड्यात स्वीकृती देणाऱ्या पैसेखाऊ नियतकालिकाकडे धावू नका. ती वाट मला कधीच पटली नाही.

आता मी मसुदा आधी अशा मैत्रिणीला देते जी त्या भागात कधी गेलेली नाही. सोबत उपग्रह नकाशा आणि एक तास. जागा शोधून दाखव, म्हणते. मागच्या मसुद्यात तिला वीस मिनिटं लागली: तक्ता स्वच्छ होता, पण ऋणनिर्देशात मी वाडीचं नाव लिहिलं होतं.